म्हशीचा कान आणि पटकथेचे धडे

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमांत आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



सचिवसाहेबांनी मला सांगितलं होतं ते खरं म्हणजे ‘ज्येष्ठांची बँक खाती आणि फोनवरची फसवणूक’ ह्या विषयावर बोलायला. विषय महत्त्वाचा आहे, वाद नाही. पण त्यावर मी ह्याच कट्ट्यावर तीनदा बोललो आहे, आणि तिसऱ्या वेळी मी बोलत असतानाच आपल्या एका सभासदाला ‘तुमचं केवायसी संपलं आहे’ असा फोन आला होता. तेव्हा म्हटलं, रौप्यमहोत्सवाला जरा वेगळं काही सांगू. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने अडुसष्टाव्या वर्षी पटकथा लिहायला शिकायचं ठरवलं, त्याचं पुढे काय झालं, एवढंच आज सांगणार आहे.

आधी एक गोष्ट. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती ऐकलेली आहे. कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत मी ती निदान पाच-सहा वेळा तरी सांगितली असेल. ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

१९८६ साल. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली म्हशींसाठी कर्जं देत. थोडं सरकारी अनुदान, बाकी बँकेचं कर्ज, म्हशीचा विमा, आणि विम्याची खूण म्हणून म्हशीच्या कानात एक बिल्ला. म्हैस दगावली तर तो बिल्ला विमा कंपनीला दाखवायचा. बिल्ला नाही तर दावा नाही. नुसता बिल्ला आणला तर जिवंत म्हशीचा काढून आणला असेल अशी शंका, म्हणून लोक बिल्ल्यासकट कानच कापून आणत.

तर शाखेत इन्स्पेक्शन चालू. विभागीय कार्यालयाचे साहेब माझ्या टेबलाशी बसून भजी खाताहेत. एक बाई आत आली. वर्तमानपत्राचं पुडकं तिने थेट साहेबांच्या पुढ्यातल्या लेजरवर ठेवलं आणि उघडलं. आत म्हशीचा कान! साहेब खुर्चीसकट मागे. शिपाई पळाला. मी मात्र शांतपणे कानाकडे बघून म्हणालो, “बाई, हा कान झाला. बिल्ला कुठाय?”

इथे हशा. आजही झाला. मग मी पुस्ती जोडतो, की साहेबांनी त्या दिवसापासून भजी सोडली. त्यालाही थोडा हशा मिळतो. गोष्ट संपली. ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे.

निवृत्तीनंतर आठ वर्षं मी काय केलं हे विचारू नका. सकाळी टेकडी, नंतर पेपर, नंतर सोसायटीच्या हिशेबात चुका काढणे. आमच्या सौ. एक दिवस म्हणाल्या, “अहो, गोष्टी एवढ्या रंगवून सांगता तर लिहून तरी काढा. मग मला परत परत ऐकाव्या लागणार नाहीत.” त्याच आठवड्यात पटकथालेखनाच्या वर्गाची जाहिरात दिसली. बारा रविवार, सकाळी दहा ते एक. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आहे, प्रभात स्टुडिओच्या जागेवर, आणि त्या लॉ कॉलेज रोडने मी स्कूटरवरून वर्षानुवर्षं गेलो. आत काय शिकवतात हा विचार कधी मनात आला नाही. आमचा वर्ग तिथला नव्हता, एका छोट्या खाजगी जागेतला होता. शिकवणारे सर माझ्या मुलाच्या वयाचे आणि शिकणारे नातवंडांच्या. पहिल्या दिवशी सगळे मला बघून उभे राहिले. त्यांना वाटलं मीच शिकवणार आहे.

पहिल्या आठवड्याला सरांनी सांगितलं, दोन पानांचा एक प्रसंग लिहून आणा. मी सात पानं नेली. त्यात पहिलंच वाक्य होतं, ‘व्यवस्थापकाच्या मनात अनेक विचारांचे काहूर माजले होते.’ सरांनी पेन्सिलीने त्याखाली रेघ मारली आणि विचारलं, “काका, हे काहूर कॅमेऱ्याने कुठे बघायचं?”

पटकथेचा हा पहिला नियम. जे दिसतं आणि जे ऐकू येतं तेवढंच कागदावर. प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर तीन गोष्टी: आत की बाहेर, कुठे, आणि दिवस की रात्र. मजकूर वर्तमानकाळात. साधारण एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट. मला आधी हे सगळं फार कारकुनी वाटलं. मग कळलं की हा कागद नुसता वाचायचा नसतो. त्यावरून कुणी जागा शोधणार, कुणी दिवे लावणार, कुणी कपडे शिवणार, कुणी खर्चाचा अंदाज काढणार. म्हणजे आपल्या भाषेत मंजुरीपत्र. त्यात ‘अर्जदार मनाने चांगला आहे’ असं लिहून चालत नाही. चांगला आहे तर त्याने काय केलं ते लिहा.

आता ‘काहूर’ लिहायचं नाही तर काय लिहायचं? सर म्हणाले, हाताला काम द्या. मी बराच विचार करून लिहिलं: ‘व्यवस्थापक पेनचं टोपण काढतो. लावतो. पुन्हा काढतो. सही करत नाही.’ वर्गातली एक मुलगी म्हणाली, “काका, आता कळलं त्याला टेन्शन आहे.” सात पानांत जे जमलं नाही ते एका ओळीत जमलं. त्या दिवशी मी घरी येताना पाव किलो जिलबी आणली.

दुसरा धडा बँकवाल्याला सर्वात सोपा जायला हवा होता, आणि तोच सर्वात अवघड गेला. सरांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. ह्या माणसाला काय हवंय? ते मिळण्याच्या आड काय येतंय? आणि नाही मिळालं तर त्याचं काय जाईल? मी हात वर करून म्हटलं, हे तर कर्जाच्या अर्जाचे प्रश्न आहेत. हेतू काय, अडचण काय, तारण काय.

सर हसले आणि त्यांनी ‘बायसिकल थीव्हज’ दाखवला. १९४८ सालचा इटालियन चित्रपट, दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिका. सत्यजित राय ह्यांनी हा लंडनमध्ये पाहिला आणि आपणही असाच चित्रपट करायचा असं मनाशी ठरवलं. त्यातूनच पुढे १९५५ साली ‘पथेर पांचाली’ आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर बघा, दीड तासाचा आहे. युद्धानंतरचं रोम. बेकार माणसाला भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, पण अट एकच, स्वतःची सायकल हवी. सायकल तर गहाण पडलेली. मग बायको घरातल्या चादरी काढते, बिछान्यावरच्यासुद्धा, धुते, आणि दोघं त्या गहाण टाकून सायकल सोडवतात. तिथला नोकर चादरींचं गाठोडं घेऊन वर चढतो. मांडणी उंचच उंच, आणि तिच्यावर सगळी तशीच गाठोडी. किती घरांतल्या चादरी असतील!

मी जन्मभर तारण पाहिलं. सोनं पाहिलं, जमीन पाहिली, उसाच्या पावत्या पाहिल्या. पण ती मांडणी पाहून माझ्या अंगावर काटा आला. त्या दृश्यात कुणी रडत नाही, कुणी ‘आम्ही गरीब आहोत’ म्हणत नाही. तरी सायकलीची किंमत आपल्याला पैशात नाही, चादरीत कळते. म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते तेव्हा आपल्यालाच धसका बसतो. पुढे सबंध चित्रपट बाप आणि त्याचा लहान मुलगा सायकल शोधत फिरतात, आणि शेवटी बाप स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरायला जातो, मुलासमोर पकडला जातो. आधी चादरी दाखवल्या नसत्या तर तो आपल्याला चोर वाटला असता.

तिसरा धडा ‘आणि मग’चा. आपण सगळे गोष्ट सांगताना ‘आणि मग’ म्हणतो. आणि मग आम्ही स्टेशनवर गेलो, आणि मग गाडी आली, आणि मग चहा घेतला. सर म्हणाले, दोन प्रसंगांच्या मध्ये ‘आणि मग’ येत असेल तर तिथे गोष्ट नाही. ‘पण’ किंवा ‘म्हणून’ आलं पाहिजे.

मी हे आपल्या सोसायटीवर लावून पाहिलं. आपली इतिवृत्तं काढा. ‘गळतीबाबत चर्चा झाली. आणि मग वॉटरप्रूफिंगबाबत ठराव मंजूर झाला. आणि मग चहापान होऊन सभा संपली.’ सचिवांनी लिहिलं ते अगदी बरोबर आहे, इतिवृत्त असंच असावं. पण प्रत्यक्षात काय झालं होतं? खालच्यांच्या छतातून पाणी गळत होतं, म्हणून ते वरच्यांकडे गेले. पण वरच्यांनी आदल्याच वर्षी नव्या टाइल्स घातल्या होत्या, म्हणून ते फोडायला तयार नव्हते. पण खालच्यांच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. तिथे गोष्ट सुरू होते. (नावं घेत नाही. दोघेही आज पहिल्या रांगेत शेजारी-शेजारी बसलेत, ही त्या गोष्टीची गोड अखेर.)

हे परदेशी पुस्तकांतलं नवं ज्ञान आहे असं समजू नका. तीन अंकी रचनेची इंग्रजी पुस्तकं आता मुलांच्या तोंडी असतात, पण भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकातल्या कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. पहिल्या अवस्थेत फळाची नुसती उत्सुकता. मग ते मिळवायची धडपड. मग ‘मिळेल बहुतेक’ अशी आशा. मग खात्री, आणि मग फळ. म्हणजे नायकाला आधी काहीतरी हवं असलं पाहिजे हे आपल्याकडेही पक्कं होतं. ‘सामना’ आठवून बघा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला. एका दारुड्या मास्तरला एका माणसाचं काय झालं एवढंच जाणून घ्यायचंय. तो प्रश्न तो सोडत नाही. त्या एका प्रश्नावर साखरसम्राटाचं सबंध साम्राज्य हलतं.

चौथा धडा हिचकॉकचा. त्यांनी दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतात, पंधरा सेकंद. पण बॉम्ब खाली आहे आणि तो कधी फुटणार हे प्रेक्षकांना आधीच सांगितलं, तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. तेव्हा काय लपवायचं आणि काय आधी सांगायचं हे लेखकाने ठरवायचं असतं.

हा धडा ऐकून मला आनंद झाला. म्हटलं, माझ्याकडे तर तयार बॉम्ब आहे. वर्तमानपत्राच्या पुडक्यातला. बारा पानांची छोटी पटकथा प्रत्येकाने लिहायची होती. मी म्हशीचा कान घेतला.

पुढच्या रविवारी वर्गात वाचली. कान निघाल्यावर मुलं हसली, तुम्ही हसलात तशीच. सर मात्र म्हणाले, “काका, हा दचका आहे, पंधरा सेकंदांचा. आता असं करा, पुडक्यात काय आहे ते आम्हाला आधी सांगा. बाई शाखेत किती वाजता आली?”

मी म्हटलं, दहाला आली असेल, इन्स्पेक्शन होतं म्हणून तिला बाराच्या पुढे आत सोडलं.

“म्हणजे दोन तास ती बाकावर बसली. मांडीवर पुडकं. आम्हाला माहीत आहे त्यात काय आहे. लिहा ते दोन तास.”

मी घरी येऊन लिहायला बसलो. बाहेरचा बाक. बाई. मांडीवर पुडकं. वर्तमानपत्र ओलं होत चाललंय. माश्या येताहेत, ती पदराने वारते. शेजारचा माणूस सरकून बसतो. आतून भज्यांचा वास येतो. इथवर लिहिलं आणि माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट आता विनोदी राहिलेली नाही. मी एकही शब्द बदलला नव्हता. फक्त बाकावर जाऊन बसलो होतो.

त्याच रविवारी वर्गात ‘इकिरू’ दाखवला होता. कुरोसावांचा, १९५२ सालचा. इकिरू म्हणजे जगणे. नगरपालिकेतला एक विभागप्रमुख, वर्षानुवर्षं कागदांवर शिक्के मारत बसलेला. चित्रपटाची सुरुवातच त्याच्या पोटाच्या एक्स-रेने होते. त्याला कॅन्सर आहे हे आपल्याला कळतं, त्याला माहीत नसतं. इथेही बॉम्ब आधीच दाखवलाय बघा. एका वस्तीतल्या बायका तक्रार घेऊन येतात की घाण पाण्याचं डबकं बुजवा आणि मुलांना खेळायला जागा करा. त्यांना ह्या टेबलावरून त्या टेबलावर, त्या खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवतात, आणि फिरून फिरून त्या पहिल्याच खिडकीशी येतात. मी वर्गात मोठ्याने हसलो. अगदी आपलंच ऑफिस!

पण ह्या चित्रपटाची खरी कमाल रचनेत आहे. मरणार हे कळल्यावर तो माणूस आधी पैसे उडवून बघतो, मग ऑफिसातल्या एका हसऱ्या मुलीच्या मागे मागे फिरतो, आणि शेवटी त्याला सुचतं की ते मैदान आपण करून दाखवायचं. आता तो ते कसं करतो हे आपण बघणार, असं वाटतं, आणि तिथेच चित्रपट त्याच्या मृत्यूनंतर जातो. अजून बराच चित्रपट शिल्लक असतो. पुढचं सगळं त्याच्या घरी शोकाला जमलेल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून कळतं. मैदानाचं श्रेय कुणाचं ह्यावर ते वाद घालतात. मग वस्तीतल्या बायका येतात, तसबिरीपुढे बसून रडतात, आणि मोठ्या साहेबांची मान खाली जाते. रात्री पिऊन सगळे शपथा घेतात की आम्हीही असंच काम करू. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पुन्हा तेच. सर म्हणाले, गोष्ट कुणाच्या तोंडून सांगायची हा लेखकाचा सर्वात मोठा निर्णय असतो. सांगणारा बदला, गोष्ट बदलते.

पुढच्या रविवारी मी बाकाचं दृश्य वाचलं. ह्यावेळी कुणी हसलं नाही. सरांनी एकच प्रश्न विचारला. “काका, ह्याच्या आधीचा सीन कोणता?”

मी म्हटलं, आधीचा सीन नाही. बाई तेव्हाच आली.

“कानाला बिल्ला का नव्हता? कधी पडला? ती बाई त्याआधी कधीच बँकेत आली नव्हती?”

मित्रांनो, तेहतीस वर्षं ही गोष्ट सांगितली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. तिथे उभ्या उभ्या मला आठवलं. अंधूक नव्हे, लख्ख. बाई आधी आली होती. दोनदा.

पहिल्यांदा बाजाराच्या दिवशी. चरताना बाभळीत अडकून कान फाटला, बिल्ला पडला, शोधला पण सापडत नाही, दुसरा मारून द्या, असं सांगायला. मी तिला जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. दवाखान्याने सांगितलं, बँकेचं पत्र आणा. दुसऱ्यांदा ती ते पत्र मागायला आली तो शनिवार होता, कामकाज बंद व्हायची वेळ. मी म्हटलं, सोमवारी या. सोमवारी ती आली नाही. सुगीचे दिवस होते, रोज बुडवून कोण येणार! पुढे म्हैस मेली. बिल्ला नाही हे तिला माहीत होतं. तरी तिने कान आणला, कारण कानाला ते फाटलेलं भोक होतं. माझ्यापुढे पुडकं उघडून ती काहीतरी बोललीही होती. माझ्या गोष्टीत ती कधीच बोलत नसे. ती म्हणाली होती, “सायेब, ह्यो बगा, हितंच व्हता.”

दोन ओळींचं पत्र. त्या शनिवारी मी ते उभ्या उभ्या लिहून देऊ शकलो असतो. त्या इन्स्पेक्शनच्या दिवशीसुद्धा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, शिंगांचं वर्णन, गावातला पंचनामा असं सगळं जोडून दावा पाठवून बघता आला असता. मिळाला असताच असं नाही. पण पाठवता आला असता. मग मी का पाठवला नाही? सरांचे तीन प्रश्न लावून बघा. व्यवस्थापकाला काय हवं होतं? पुण्याला बदली. मुलगी शाळेत जायची झाली होती. आड काय येत होतं? इन्स्पेक्शनचा शेरा. बिल्ला हरवल्याची तोंडी तक्रार शाखेत आली होती आणि शाखेने काही केलं नाही, हे साहेबांसमोर निघायला नको होतं. म्हणून मी विनोद केला. साहेब हसले. विषय संपला.

मला त्या मे महिन्यात बदली मिळाली.

१९९० साली सरकारने दहा हजारांपर्यंतची थकलेली शेती-ग्रामीण कर्जं माफ केली. त्यात तिचंही गेलं असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती, आणि पटकथेचा शेवटही तोच केला. सरांनी तो खोडला नाही. फक्त म्हणाले, “काका, हा मॅनेजरचा शेवट झाला. बाईचा कुठला?” मला माहीत नव्हता. कर्जाची रक्कम आठवत होती, तीन हजार. बाईचं नाव आठवत नव्हतं. पटकथेत पात्राला नाव द्यावं लागतं. मी खूप प्रयत्न केला, शेवटी नुसतं ‘बाई’ लिहिलं.

पटकथा आता अशी संपते. बाई शाखेतून निघते. दुपारची वेळ. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकतात तिथे ती येते. पदर नाकाला लावते आणि खाली वाकून माती उकरायला लागते. बिल्ला शोधते. त्यापुढे मला काही दिसत नाही, म्हणून तिथेच थांबलो.

घरी सौ.ना वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ही गोष्ट तुम्ही मला किती वर्षं सांगताय. त्या बाई आज पहिल्यांदा आल्या तिच्यात.” आणि साहेबांनी भजी सोडल्याचं विचाराल, तर तेही मी पदरचं घातलेलं होतं. साहेबांनी नंतर भजी संपवली होती.

तर असं झालं. चित्रपट वगैरे काही निघाला नाही, निघणारही नाही. बारा पानं माझ्या कपाटात आहेत. आपल्यातल्या ज्या मुलांना ह्या क्षेत्रात जायचं आहे त्यांना मी काय सांगणार! तरी जे उपयोगी पडलं ते सांगतो. एक, आवडता चित्रपट दुसऱ्यांदा बघताना वही घेऊन बसा आणि एकेका दृश्यात काय घडतं ते एका ओळीत लिहा. पन्नास-साठ ओळी झाल्या की सांगाडा दिसतो. दोन, आपली गोष्ट लिहिण्याआधी प्रत्येक दृश्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठ्या जमिनीवर मांडा. जागा बदलून बघा. कागद फाडण्यापेक्षा चिठ्ठी हलवणं स्वस्त. तीन, संवाद लिहिला की मोठ्याने वाचा. माणसं मनातलं सरळ बोलत नाहीत. ज्याला पैसे उसने हवे असतात तो आधी तब्येतीची चौकशी करतो. चार, दृश्यात उशिरा शिरा आणि लवकर निघा. पाहुण्यांनीही हे पाळावं असं सौ. म्हणतात.

आणि पाचवं, जे सर्वांसाठी आहे. आपण सगळे आता गोष्टी सांगायच्या वयाचे आहोत. आपली स्मरणिका निघते आहे, तिच्यात पंचवीस वर्षांच्या आठवणी येतील. ‘सुरुवातीची दोन वर्षं आम्ही टँकरवर काढली’ असं मीही लिहिणार होतो. मग मी सरांचा प्रश्न विचारला. रात्री दोनला टँकर यायचा तेव्हा खाली कोण असायचं? आपण तर झोपलेले असायचो. पंपाच्या खोलीत राहणारा आपला पहिला वॉचमन उठायचा, पाइप लावायचा, टाकी भरेपर्यंत उभा राहायचा. त्याची बायको कधी कधी बॅटरी धरायची. आपल्या गोष्टीत ती दोघं कुठे आहेत? त्यांचं नाव कुणाला आठवत असेल तर आज जाण्यापूर्वी मला सांगा. मला एकदा नाव विसरून झालेलं आहे.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. दृश्यातून लवकर निघा असं मीच सांगितलं, तेव्हा थांबतो. चहा तयार आहे, बरोबर भजीही आहेत असं कळतं.